दिसते २००४, नोंदते २००३: एका स्क्रोल पिकरचे प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: २९ फेब्रुवारी २००४ ही जन्मतारीख निवडता येत नाही. फॉर्मवर दिवस, महिना आणि वर्ष अशी तीन फिरती चाके, म्हणजे स्क्रोल पिकर, होती. वर्षाचे चाक २००४ वर उभे, महिन्याचे फेब्रुवारीवर, आणि दिवसाचे चाक मात्र २८ च्या पुढे सरकायला तयार नाही. २००४ हे लीप वर्ष. त्या वर्षी फेब्रुवारीत २९ दिवस होते, म्हणजे चाकाने अडण्याचे काहीच कारण नव्हते.

तक्रार दिवसाच्या चाकाबद्दल होती, पण बिघाड निघाला वर्षाच्या चाकात. आणि तो लीप वर्षापुरता नव्हताच. ज्यांच्या नोंदी त्याने चुकवल्या त्यांच्यापैकी जवळपास कोणालाच तो दिसला नाही, कारण स्क्रीनवर सगळे बरोबर दिसत होते. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या एका माणसामुळे तो उघडकीस आला.

चाकाची बांधणी

तिन्ही चाके एकाच कंपोनंटची, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कोडच्या एका तुकड्याची. त्याला पर्यायांची यादी आणि चालू व्हॅल्यू द्यायची, तो चाक काढतो आणि निवड बदलली की नवी व्हॅल्यू परत देतो. वेळ, कालावधी, संख्या, माप अशा कुठल्याही यादीला तोच वापरायचा असा हेतू.

बाहेर एक चौकट, तिची उंची ५ ओळींची, उभा स्क्रोल चालू. आत यादी. प्रत्येक ओळ २.७५ रेम उंच; रेम म्हणजे मूळ फॉन्टच्या आकाराच्या पटीतले माप. मूळ फॉन्ट १६ पिक्सेलचा असेल तर ओळ ४४ पिक्सेलची आणि चौकट २२० ची. यादीच्या वर आणि खाली दोन-दोन ओळींचे, म्हणजे ८८ पिक्सेलचे पॅडिंग. ते नसेल तर पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी कधीच मध्यावर येत नाहीत. हे पॅडिंग चौकटीला न देता आतल्या यादीला द्यावे. काही जुन्या ब्राउझरमध्ये स्क्रोल होणाऱ्या चौकटीचे खालचे पॅडिंग धरलेच जात नसे, आणि मग यादीतले शेवटचे वर्ष पट्टीच्या खालीच अडकून राही.

चौकटीला स्क्रोल-स्नॅप-टाइप उभ्या दिशेने सक्तीचे, प्रत्येक ओळीला स्क्रोल-स्नॅप-अलाइन सेंटर. चाक सोडले की ब्राउझर जवळची ओळ स्वतःच मध्यावर आणून बसवतो. ओव्हरस्क्रोल-बिहेवियर कंटेन, म्हणजे यादी संपल्यावर मागचे पान सरकू लागत नाही. वरच्या-खालच्या ओळी मास्क लावून फिकट केलेल्या.

मध्यावरची निवडपट्टी हा यादीवर तरंगणारा वेगळा थर आहे. तिला पॉइंटर-इव्हेंट्स नन (स्पर्श तिच्यातून आरपार जाऊ देणारी सेटिंग) द्यायला विसरले तर विचित्र प्रकार होतो: वरच्या-खालच्या ओळींवर बोट ठेवले की चाक फिरते, पण नेमके मधल्या ओळीवर ठेवून ओढले की चाक जागेवर आणि पान सरकते. बहुतेक लोक बोट मध्यावरच ठेवतात.

निवड ओळखण्याचे काम जावास्क्रिप्टमधल्या एका ओळीचे होते. पहिल्या ओळीची ऑफसेट-हाइट (ब्राउझर सांगतो ती उंची) मोजायची, चौकटीच्या स्क्रोल-टॉपला (यादी वरून किती पिक्सेल सरकली त्याला) तिने भागायचे आणि येणारी संख्या मॅथ-राउंडने पूर्ण करायची. तोच इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला ओळीचा क्रमांक. वर्षांची यादी १९५० ते २०२४, म्हणजे ७५ ओळी. इंडेक्स ५४ म्हणजे २००४.

संशय आधी लीप वर्षावर

तो स्वाभाविकही होता. लीप वर्षाच्या नियमात चूक होण्याजोगी एक जागा ठरलेली आहे: शंभराने भाग जाणारी वर्षे. १९०० लीप नव्हते, २००० होते. पण २००४ चा त्या अपवादाशी संबंध नाही. शिवाय दिवस मोजायची पद्धत नियमावर अवलंबून नव्हतीच. पुढच्या महिन्याचा शून्यावा दिवस मागितला की जावास्क्रिप्टची डेट चालू महिन्याचा शेवटचा दिवस देते, आणि २००४ दिल्यावर ती २९ च देत होती.

मग त्या फंक्शनमध्ये येते काय, ते छापून पाहिले. तक्रार करणाऱ्याच्या लॅपटॉपवर तिथे २००३ पोचत होते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर २००४. ब्राउझर एकच, त्याची आवृत्ती एकच, स्क्रीनची घनता दोन्हीकडे दुप्पट. झूमही दोन्हीकडे शंभर टक्के. फरक एकच सापडला: तक्रार करणाऱ्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ फॉन्टचा आकार १६ वरून १८ केला होता.

झूम आणि फॉन्टचा आकार या दोन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. झूम १५० टक्के केला तरी सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) हिशेबात ओळ ४४ पिक्सेलचीच राहते, कारण पिक्सेलचे मापच मोठे होते. हा कंपोनंट १२५, १५०, २०० टक्के झूमवर तपासला गेला होता आणि प्रत्येक वेळी पास झाला होता. मूळ फॉन्ट बदलला की मात्र रेमची किंमत बदलते. १८ ला २.७५ ने गुणले की ४९.५. ओळीची उंची आता पूर्णांक राहिली नाही.

अर्ध्या पिक्सेलचा हिशेब

ऑफसेट-हाइट नेहमी पूर्णांक देते. ४९.५ चे तिने ५० केले. ब्राउझर मात्र ओळी खऱ्या मापाने मांडतो आणि स्नॅपही खऱ्या मापानेच करतो. म्हणजे एका ओळीमागे अर्धा पिक्सेल तफावत. पहिल्या दहा-वीस ओळींत तिचे काही वाटत नाही, राउंड ती गिळून टाकतो. पण ती साठत जाते.

इंडेक्स ५० वर स्क्रोल-टॉप २४७५ असतो. त्याला ५० ने भागले की ४९.५, राउंड केल्यावर ५०. अगदी काठावर, पण बरोबर. इंडेक्स ५१ वर स्क्रोल-टॉप २५२४.५, भागाकार ५०.४९, राउंड केल्यावर पुन्हा ५०. इथून पुढे प्रत्येक वर्ष एकने मागे वाचले जाते. इंडेक्स ५४ वर २६७३ भागिले ५०, म्हणजे ५३.४६, उत्तर ५३. चाकावर २००४, व्हॅल्यूत २००३, आणि २००३ च्या फेब्रुवारीत २८ दिवस.

फॉन्टचा आकार बदलला की चूक सुरू होण्याची जागाही बदलते:

| मूळ फॉन्ट | ओळीची खरी उंची | मोजलेली उंची | चुकीचे वाचलेले पहिले वर्ष |
|---|---|---|---|
| १० | २७.५ | २८ | १९७९ |
| १४ | ३८.५ | ३९ | १९९० |
| १६ | ४४ | ४४ | नाही |
| १८ | ४९.५ | ५० | २००१ |
| २० | ५५ | ५५ | नाही |
| २२ | ६०.५ | ६१ | २०१२ |

१६ आणि २० या दोन ओळी नीट पाहाव्यात. क्रोमच्या फॉन्ट-सेटिंगमधले लहान, मध्यम, मोठा आणि खूप मोठा हे तयार पर्याय अनुक्रमे १२, १६, २० आणि २४ चे आहेत. चारही संख्यांना ४ ने भाग जातो, आणि २.७५ ने गुणल्यावर चारही ठिकाणी पूर्णांक येतो: ३३, ४४, ५५, ६६. म्हणजे एखाद्याने फॉन्ट मोठा करून तपासायचे मनावर घेतले असते आणि यादीतला 'मोठा' निवडला असता, तरी त्याला सगळे ठीकच दिसले असते. मुख्यतः स्लायडर सरकवून स्वतःचा आकार ठरवणाऱ्यांना हा बिघाड भोवत होता. अक्षरे नीट दिसावीत म्हणून मुद्दाम खटपट करणारी ही माणसे. त्यांचीच नोंद चुकावी, हे या प्रकरणात सर्वात लागते.

इतके दिवस झाकले कसे गेले

निवडपट्टी शुद्ध सीएसएसची होती: चौकटीच्या मध्यावर ठेवलेली, व्हॅल्यूशी काही देणेघेणे नसलेली. स्नॅपही ब्राउझरचा. त्यामुळे पट्टीत कायम बरोबर वर्ष दिसे, व्हॅल्यूत काहीही असो. डोळ्यांना दिसणारे आणि फॉर्मला मिळणारे यांना जोडणारी एकमेव गोष्ट म्हणजे तो भागाकार, आणि तोच चुकत होता.

बरे, जतन केलेला फॉर्म पुन्हा उघडला तर तरी चूक दिसावी? तीही दिसत नव्हती. फॉर्म उघडताना कंपोनंट उलटा गुणाकार करून चाक जागेवर नेत असे, आणि त्यातही मोजलेलीच उंची वापरत असे. २००१ निवडणाऱ्याची नोंद २००० म्हणून झालेली, इंडेक्स ५०. पन्नास गुणिले पन्नास, स्क्रोल-टॉप २५००. पण खऱ्या मापात २००० ची ओळ २४७५ वर आहे आणि २००१ ची २५२४.५ वर. २५०० पासून पहिली २५ पिक्सेल दूर, दुसरी २४.५. स्नॅपने जवळची धरली आणि चाकावर २००१ आले. वाचताना झालेली चूक लिहिताना फिटली, आणि माणसाला आपले वर्ष बरोबर दिसले. सर्व्हरवर २०००.

जो खरोखर २००० साली जन्मला, त्याची नोंद मात्र बरोबर २००० होई आणि फॉर्म पुन्हा उघडल्यावर त्याला २००१ दिसे. म्हणजे ज्याची नोंद शाबूत, त्यालाच ती चुकलेली वाटावी.

दुरुस्ती

पहिला सुचणारा उपाय म्हणजे ओळ रेमऐवजी सरळ ४४ पिक्सेलची करणे. तो घेतला नाही. फॉन्ट मोठा करणाऱ्याला मग त्याच ४४ पिक्सेलमध्ये मोठी अक्षरे कोंबलेली दिसतील, आणि २८-३० च्या फॉन्टला मात्रा-वेलांट्या कापल्या जातील. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. ओळीची उंची अक्षरांबरोबर वाढलीच पाहिजे.

दुसरा उपाय बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट, ब्राउझरची मोजण्याची दुसरी पद्धत. तो अपूर्णांकासकट उंची देतो, त्यामुळे बरा वाटतो, पण ट्रान्सफॉर्म (घटक लहान-मोठा करणे, फिरवणे) लागल्यानंतरचे माप देतो. इथली चाके एका डायलॉगमध्ये होती आणि तो ०.९५ वरून पूर्ण आकारात उमलत येई. उमलताना मोजले तर ४९.५ चे ४७.०२५ होतात आणि आधीपेक्षा मोठी चूक आत येते. ड्रमसारखा गोल भास देण्यासाठी ओळी तिरप्या फिरवल्या असतील तर प्रत्येक ओळीची उंची वेगळीच मिळते. गोल भास हवाच असेल तर ओळ सपाट ठेवून तिच्या आतल्या मजकुराला फिरवावे.

शेवटी रिसाइझ-ऑब्झर्व्हर, म्हणजे घटकाचे माप बदलले की कळवणारी ब्राउझरची सोय, घेतला. पहिल्या ओळीवर तो लावला की बॉर्डर-बॉक्सची उंची अपूर्णांकासह मिळते, ट्रान्सफॉर्मचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि फॉन्टचा आकार मध्येच बदलला तरी नवे माप आपोआप येते. माप आले की कंपोनंट चालू व्हॅल्यूचा इंडेक्स त्या मापाने गुणून स्क्रोल-टॉप पुन्हा बसवतो, ॲनिमेशन न करता.

याच बदलात आणखी एक जुनी कुरबूर मिटली. डायलॉग बंद असताना चाक डिस्प्ले-नन (मांडणीतूनच काढलेले) असते, ओळीची उंची शून्य, आणि तेव्हा दिलेला स्क्रोल-टॉप वाया जातो. म्हणून डायलॉग पहिल्यांदा उघडला की चाक कधीकधी १९५० वर उभे दिसे, व्हॅल्यू काहीही असली तरी. आता उंची शून्य असेल तोवर कंपोनंट मोजतही नाही आणि भागतही नाही, व्हॅल्यू जशीच्या तशी धरून ठेवतो. शून्याची उंची खरी झाली की ऑब्झर्व्हर कळवतो आणि चाक जागेवर जाते.

मोजमाप सुधारले तरी मूळ रचनेतली उणीव राहिली असती, म्हणून ठळक ओळ आता व्हॅल्यूवरून ठरते. पट्टीच्या आतली ओळ जाड दिसायची असेल तर तिला जाडपणा देणारा क्लास (सीएसएसची खूण) व्हॅल्यूवरून मिळाला पाहिजे. उद्या दुसऱ्या कुठल्या कारणाने हिशेब घसरला, तर जाड अक्षरे पट्टीच्या बाहेर दिसतील आणि पहिल्याच माणसाला खटकेल. शिवाय चाकांच्या खाली पूर्ण तारीख अक्षरांत येते: २९ फेब्रुवारी २००४. तीही व्हॅल्यूवरून. या एका ओळीने जेवढे काम केले तेवढे बाकीच्या बदलांनी मिळून केले असेल.

कंपोनंट बाहेर इंडेक्स देत नाही, पर्यायाची व्हॅल्यू देतो, हेही इथेच पक्के केले. वर्षांची यादी उद्या १९४० पासून सुरू झाली तर इंडेक्स ५४ चा अर्थ बदलतो. २००४ चा बदलत नाही.

चाक थांबले हे कसे ओळखायचे

फिरताना येणाऱ्या प्रत्येक स्क्रोल इव्हेंटला व्हॅल्यू बदलली तर सेकंदाला साठ वेळा, १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर त्याच्या दुप्पट वेळा, बाकीचा फॉर्म हलतो. म्हणून फिरताना फक्त ठळक ओळीचा क्लास बदलायचा, तोही दोनच ओळींवर, आणि व्हॅल्यू थांबल्यावर पक्की करायची.

थांबल्याचे सांगायला स्क्रोल-एंड हा इव्हेंट आहे. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तो २०२३ साली आला, सफारीत बराच नंतर. जुन्या ब्राउझरसाठी टायमर ठेवावा लागतो: शेवटच्या स्क्रोल इव्हेंटनंतर १५० मिलिसेकंद शांतता म्हणजे चाक थांबले. त्यात एक फसगत आहे. माणूस चाक फिरवता फिरवता बोट काचेवर तसेच ठेवून क्षणभर थांबतो, वाचतो, पुन्हा सरकवतो. टायमरला ते थांबणेच वाटते. तेवढ्यात कंपोनंटने चाक नीट बसवायला स्क्रोल-टॉप लिहिला तर चाक बोटाखालून निसटते.

म्हणून बोट उचलले आहे की नाही हे वेगळे धरावे लागते, आणि त्यासाठी पॉइंटर-अप हा बोट उचलल्याचा इव्हेंट कामाचा नाही. ब्राउझरने स्क्रोल स्वतःच्या हातात घेतला की तो पॉइंटर-कॅन्सल पाठवतो आणि त्यानंतर त्या बोटाचे पॉइंटर इव्हेंट येतच नाहीत. टच-स्टार्ट आणि टच-एंड मात्र येत राहतात. ते पॅसिव्ह लावायचे, म्हणजे स्क्रोलला अडसर होत नाही. बोट वर आणि १५० मिलिसेकंद शांतता, दोन्ही झाले की व्हॅल्यू पक्की.

स्क्रोल-एंडची स्वतःचीही एक खोच आहे. चाक ज्या जागी आहे त्याच जागी जायला सांगितले तर काहीच हलत नाही आणि इव्हेंटही येत नाही. 'कोडने हलवले' अशी खूण लावून स्क्रोल-एंडला ती काढणारा कोड मग खूण तशीच धरून बसतो, आणि माणसाने केलेली पुढची निवड गिळतो. खूण लावूच नये. पक्का झालेला इंडेक्स आधीच्याच इतका असेल तर काही करायचे नाही, एवढी तुलना पुरते.

चाक जोरात फिरवून लगेच जतन दाबणारेही असतात. तेव्हा व्हॅल्यू जुनी असते. आता जतन दाबल्यावर एखादे चाक अजून फिरत असेल तर ते सर्वात जवळच्या ओळीवर थांबवले जाते, खालची तारीख बदलते आणि फॉर्म जात नाही. दुसऱ्यांदा दाबावे लागते. ही एक जादा टिचकी पत्करण्यासारखी आहे.

दिवसाचे चाक

मूळ रचनेत महिना बदलला की दिवसाच्या यादीतून ओळी काढल्या जात. ३१ जानेवारीवरून महिना फेब्रुवारी केला की शेवटच्या तीन ओळी गायब, यादी आखूड, ब्राउझर स्क्रोल-टॉप गुपचूप कमी करतो आणि स्क्रोल इव्हेंट येतो. कंपोनंटला वाटते, माणसाने २८ निवडला. पुढे महिना मार्च केला तरी दिवस २८ च. ज्याला ३१ मार्च हवा होता त्याचे चाक फेब्रुवारीवरून जाताना क्षणभर थांबले, एवढ्यावरून त्याचा दिवस गेला.

आता यादी कायम ३१ ओळींची असते. जे दिवस त्या महिन्यात नाहीत ते फिकट, आणि त्यांचा स्क्रोल-स्नॅप-अलाइन नन. स्नॅप सक्तीचा असल्यामुळे तिथे चाक थांबतच नाही, जवळच्या चालणाऱ्या दिवसावर येते. त्याशिवाय माणसाने शेवटी स्वतः निवडलेला दिवस वेगळा लक्षात ठेवला जातो. महिना बदलून ३१ चालेनासा झाला तर चाक २८, २९ किंवा ३० वर येते, पण 'हवा होता ३१' ही नोंद पुसली जात नाही. ती फक्त त्या चाकाला बोट, माउसचे चाक किंवा कळ लागली तरच बदलते. मार्च आला की ३१ परत.

दिवस छाटला गेला नसता तरी काही भले झाले नसते. जावास्क्रिप्टच्या डेटला २९ फेब्रुवारी २००३ दिले की ती तक्रार करत नाही, १ मार्च २००३ देते. जन्मतारीख तिच्यातून न्यायचीच नसते. स्थानिक मध्यरात्रीची डेट करून ती आयएसओ मजकुरात बदलली तर ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या प्रत्येकाची तारीख एक दिवस मागे जाते. वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे जसेच्या तसे पाठवावेत.

बोटाशिवाय

चाकाची चौकट स्वतःच फोकस घेते, तिला स्पिन-बटनची भूमिका, चालू, किमान आणि कमाल व्हॅल्यू, आणि महिन्यासाठी मजकुरातली व्हॅल्यू, म्हणजे स्क्रीन-रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला 'दोन' न ऐकू येता 'फेब्रुवारी' ऐकू येते. आतल्या ओळी स्क्रीन-रीडरपासून लपवलेल्या. वर-खाली बाणांनी एक ओळ, पेज-अप आणि पेज-डाउनने वर्षाच्या चाकात दहा, होम आणि एंडने टोके. बाणांची नेहमीची स्क्रोलिंग थांबवायला विसरू नये, नाहीतर एका दाबाला ब्राउझर आणि कोड दोघेही चाक हलवतात. भूमिका आतल्या घटकाला देऊन चौकट तशीच सोडली तर आणखी एक घोळ होतो: काही ब्राउझर स्क्रोल होणाऱ्या चौकटीला स्वतःहून टॅबच्या रांगेत घेतात आणि एकाच चाकावर दोनदा थांबावे लागते.

डब्ल्यूसीएजी या वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांच्या २.२ या ५ ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत, काही अपवाद सोडता ओढून करायची क्रिया न ओढताही करता आली पाहिजे असा एए पातळीचा निकष आहे. म्हणून शेजारच्या ओळीवर टिचकी मारली की ती मध्यावर येते. कमी हालचाल मागितलेली असेल तर सरकत न येता थेट.

तरीही जन्मवर्षासाठी चाक हे साधन मुळात तोकडे आहे. पंचाहत्तर ओळी, त्यातल्या एका वेळी पाच दिसणार. ज्याला आपले वर्ष पाठ आहे त्याला ते शोधायला लावण्यात अर्थ नाही. चार आकडे टाइप करणे कधीही सोपे. वेळ, मिनिटे, वजन, अशा 'साधारण इथे कुठेतरी' प्रकारच्या निवडीला चाक शोभते. इथे तोडगा असा निघाला: वर्षाच्या चाकाच्या डोक्यावर आकडे टाइप करायची जागा, ब्राउझरला ती जन्मवर्षाची आहे हे सांगणाऱ्या ऑटोकम्प्लीटसह, आणि चाक तिच्यामागे चालते. चाक काढूनच टाकावे हे अधिक योग्य झाले असते.

चाचणी

जुन्या चाचण्या व्हॅल्यू देत आणि व्हॅल्यू वाचत. स्क्रोलमधून कधी गेल्याच नाहीत. त्या जेएसडॉम या खऱ्या ब्राउझरच्या नकलेत चालत. जेएसडॉममध्ये मांडणी होत नाही, सगळ्या उंच्या शून्य, त्यामुळे तिथे हा बिघाड पकडला जाण्याची शक्यताच नव्हती. नवी चाचणी खऱ्या ब्राउझरमध्ये चालते. मूळ फॉन्ट ९ पासून २४ पर्यंत एकेक पिक्सेलने वाढवायचा, प्रत्येक आकारात चाक ७५ च्या ७५ ओळींवर न्यायचे, थांबू द्यायचे, आणि चौकटीच्या मध्यबिंदूवर कोणता घटक आहे ते ब्राउझरला विचारून त्याचा मजकूर व्हॅल्यूशी ताडायचा. उलटही: व्हॅल्यू द्यायची आणि मध्यावर काय दिसते ते पाहायचे. पिक्सेल घनता एकपट आणि दुप्पट, दोन्हीवर. ॲनिमेशन बंद ठेवले तर हे सगळे फार वेळ खात नाही.

दिसणारा मजकूर आणि हातातली व्हॅल्यू यांची अशी थेट गाठ घालणारी एक जरी चाचणी आधी असती, तरी ९ च्या फॉन्टलाच ती अडली असती.

आधीच्या नोंदी

कोड सुधारला, नोंदी सुधारता आल्या नाहीत. नोंदीत वर्ष आहे, ते निवडताना फॉन्ट किती होता हे नाही. २००० अशी नोंद असेल तर ती २००० चीही असू शकते आणि २००१ चीही. सरसकट एक मिळवणे म्हणजे बरोबर नोंदी बिघडवणे. स्वतःहून फॉन्टचा आकार ओळखू पाहणारी एखादी स्क्रिप्ट लिहिण्याचा मोह आवरला, ते बरे झाले.

त्याऐवजी, बिघाड असलेल्या आवृत्तीतून आलेल्या आणि १९७८ किंवा त्यापुढचे वर्ष असलेल्या प्रत्येक नोंदीच्या धन्याला पुढच्या भेटीत एकदाच विचारले जाते. १९७८ का, तर १० च्या फॉन्टला चुकीचे वाचले जाणारे पहिले वर्ष १९७९, आणि ते १९७८ म्हणून नोंदले जाते. शिवाय ज्यांच्याकडून तक्रार आली त्यांना वर्ष न पाहता विचारले. प्रश्नात चाक नाही. नोंदलेली तारीख अक्षरांत, तिच्याखाली 'बरोबर आहे' आणि 'बदलायची आहे' ही दोन बटणे, आणि बदलायची असेल तर टाइप करायच्या तीन जागा. कोणत्या कारणाने विचारत आहोत तेही तिथेच एका वाक्यात: तुम्ही निवडलेले वर्ष आमच्याकडून चुकीचे नोंदले गेले असण्याची शक्यता आहे.